मामा वेशीबाहेर बसले

कपाट उघडण्यापूर्वी कपाटाची परवानगी घेणारा माणूस या जगात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर त्यांच्या सापगावात कुणालाही विचारा. न्हाणीघराचं दार असो, देव्हाऱ्याचं असो नाहीतर पिठाच्या डब्याचं झाकण, मामा आधी दोनदा खाकरत, मग बोटाच्या पेराने टकटक करत, दोन श्वास थांबत आणि मगच हात घालत. आमच्या लग्नात रुखवताची पेटी उघडायचा मान त्यांना दिला होता. ते पेटीपुढे उभे राहून खाकरले, टकटक केलं आणि थांबले. माझी आत्या मुरबाडची, तोंडाने फटकळ. ती मोठ्याने म्हणाली, "आतून कोणी ओ देतंय का बघताय?" मामा शांतपणे म्हणाले, "ओ नाही दिली तरी चालेल, पण आत जो असेल तो दचकायला नको." त्या पेटीत लाडू आणि चकल्या होत्या.

या खाकरण्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. मुंबईच्या एका उपनगरातल्या औषधं बनवणाऱ्या कंपनीत मामा तीस वर्षं उंदीरघर सांभाळत होते. नवीन औषध माणसाला देण्याआधी उंदरांना देऊन बघतात, ते उंदीर मामांच्या ताब्यात. त्यांना खाऊ घालायचं, पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, रोज सकाळी एकेकाला तराजूत बसवून वजन लिहायचं. दार धाडकन उघडलं की उंदीर घाबरतो, घाबरलेला उंदीर खात नाही, आणि न खाणाऱ्या उंदरावर केलेला प्रयोग खोटा पडतो, म्हणून ते खाकरणं. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की निवृत्त होऊन सापगावला परतल्यावर त्यांनी स्वतःच्या घरात उंदराचा सापळासुद्धा लावू दिला नाही. भाताच्या कणगीला रानउंदीर भोकं पाडत आणि मामी कपाळावर हात मारून घेत. मामा म्हणत, "अगं, तीस वर्षं त्यांच्या जिवावर पगार घेतला, आता दोन पायली भात गेलं तर गेलं." गणपतीत आमच्याकडे आले की मूर्तीकडे बघण्याआधी खालच्या उंदराकडे बघायचे. एका वर्षी मूर्तिकाराला त्यांनी गंभीरपणे सांगितलं की हा अशक्त दिसतोय, याचे कान खाली पडलेत. पुढच्या वर्षापासून त्या मूर्तिकाराने उंदीर चांगले गुबगुबीत केले, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

वजनाचं तर विचारू नका. मामा माणसाकडे नुसतं बघून वजन सांगत आणि त्यात अर्ध्या किलोपलीकडे चूक होत नसे. हा गुण चारचौघांत वापरायचा नसतो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. धाकट्या मेव्हणीच्या साखरपुड्यात मुलाच्या आईला वाकून नमस्कार करताना ते कौतुकाने म्हणाले, "एकोणऐंशी." त्या बाईंना आधी वाटलं, वयाबद्दल बोलताहेत. मग खरं काय ते कळलं तेव्हा आणखी वाईट वाटलं. ते लग्न मोडता मोडता राहिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं मामा दिसले की त्या विहीणबाई पदर पसरून खुर्चीत बसून घेत. मामांचं म्हणणं असं, की एकोणऐंशी किलोला त्यांची तब्येत एकदम उत्तम होती, मग चिडायचं कशाला.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण मामांच्या या वेडांनीच मला वाचवलं. मी किन्हवलीच्या पलीकडच्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. गावातच भाड्याच्या घरात राहून नऊ वर्षं झाली होती. दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी कधीतरी माझ्या आतलं काहीतरी बंद पडलं. कारण म्हणाल तर काहीच नाही. बायको चांगली, पोरगी चांगली, पगार वेळेवर. तरी सकाळी उठावंसं वाटेना, फळ्यासमोर उभं राहिलं की हातातला खडू जड वाटायचा, आणि बेरीज करतानाही मुलांसमोर चुकायला लागलो. शोभाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला कल्याणच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हे नैराश्य आहे असं स्पष्ट सांगितलं आणि गोळी दिली. मी रजा टाकली. ती गोळी मी अडीच महिने नेमाने घेतली, डोस वाढवला तोही घेतला, आणि फरक म्हणाल तर तोंड तेवढं कोरडं पडायचं.

लोकांनी सल्ले देऊन नाकी नऊ आणले. हेडमास्तर म्हणाले, मन खंबीर करा. भाऊ म्हणाला, सकाळी फिरायला जा. एक सहकारी म्हणाला, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. हे सगळं मी सहन केलं असतं, पण गोळीनेसुद्धा पाठ फिरवली तेव्हा मात्र मी खचलो. एवढं मोठं शास्त्र, एवढी शिकलेली डॉक्टर, तरी गुण येत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे, मीच ढोंगी आहे, असं मला मनापासून वाटायला लागलं. मी राजीनामा लिहिला. सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता लिहिला, पाकिटात घातला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. शहापूरला पोस्टात टाकला की संपलं. शोभाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात एका दुपारी दाराबाहेर दोनदा खाकरल्याचा आवाज आला. मामा आले होते. आत आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, सव्वासहा किलो उतरलात." मग खोलीभर नजर फिरवली. माझं अंथरूण दुपारचे दोन वाजले तरी तसंच पसरलेलं होतं आणि दाढी आठवड्याची. ते माझ्याशेजारी खाली बसले आणि हळूच म्हणाले, "उंदीर आजारी पडला ना, की आधी अंग चाटायचं सोडतो. मग बिछाना करायचं सोडतो. त्याला कोणी म्हणत नाही की मन खंबीर कर." मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडू आलं, आणि ते उंदरावरून आलं याची मला आजही थोडी लाज वाटते.

शोभाने चहा केला. मामांनी गोळीचं पाकीट मागून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून नाव वाचलं आणि एकदम सरसावून बसले. "ही माझ्या ओळखीची आहे," म्हणाले. "ही आमच्या उंदरांनी खाल्लेली आहे." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांना कंपनीतल्या एका संशोधक बाईंनी पिंजऱ्यांपुढे स्टुलावर बसून सांगितलं होतं. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्यांच्या भिंती फार पक्क्या असतात, रक्तातलं वाटेल ते मेंदूत झिरपू देत नाहीत. त्या भिंतीत काही प्रथिनं बसलेली असतात. काही प्रथिनं साखरेसारख्या कामाच्या मालाला हाताला धरून आत नेतात. एक प्रथिन मात्र उलटं काम करतं. परका माल आत पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याला धरून परत रक्तात ढकलतं. मामा त्याला गेटवाला म्हणत, कारण त्यांच्या कंपनीच्या गेटवर एक सुरक्षावाला होता, जो तीस वर्षं रोज ओळख असूनही पास विसरलेल्या मामांना घरी परत पाठवायचा.

"काही गोळ्यांना हा गेटवाला बघतसुद्धा नाही, जाऊ देतो," मामा म्हणाले. "काहींना मात्र धरधरून बाहेर काढतो. आमच्याकडे पुढे पुढे असे उंदीर आणले होते की ज्यांच्यात हा गेटवाला जन्मापासूनच नाही. दोन्ही जातींना एकच गोळी, एकाच मापाने. ज्यांचा गेटवाला जागेवर त्यांच्या मेंदूत गोळी थोडी, ज्यांचा नाही त्यांच्यात जास्त. ही तुमची गोळी त्यातलीच."

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या पोटात जाते, पण—"

"पोटात जाते, रक्तात जाते, दारापर्यंत जाते. दारातून परत येत असेल. असेल म्हणतोय हां, मी काही डॉक्टर नाही, मी भुसा बदलणारा माणूस. पण यात तुमचा दोष कुठे आला ते मला सांगा."

 गणिताच्या मास्तराला कोणीतरी पहिल्यांदा एक समीकरण मांडून दाखवलं होतं, ज्यात माझा ढोंगीपणा हे पद कुठेच नव्हतं. दोन दिवसांनी मामा आमच्याबरोबर कल्याणला आले. दवाखान्याच्या दारापाशी खाकरले, टकटक केलं, आणि आत बसल्या बसल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं की यांच्या गेटवाल्याला ही गोळी पसंत नसेल का. शोभाला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाई आधी हसल्या, मग पेन खाली ठेवून त्यांनी नीट उत्तर दिलं. म्हणाल्या, तुम्ही सांगताय ते खरं आहे, पण ते बरंचसं उंदरांतलं आहे, माणसांत अजून शोध चालू आहे, आणि यांच्या डोक्यात नेमकं काय होतंय हे तपासायची सोय माझ्याकडे नाही. पण पुरेसा डोस पुरेसे दिवस देऊनही गुण नाही, म्हणजे कारण काहीही असो, गोळी बदलायची वेळ आलीच आहे. त्यांनी दुसरी गोळी लिहून दिली. जाताना मामांना विचारलं, तुम्ही कुठे शिकलात. मामा म्हणाले, "उंदीरघरात."

नवीन गोळी शहापूरच्या दुकानात नव्हती, मागवावी लागणार होती. मामा म्हणाले, मी सापगावहून दुकानात चक्कर मारतो आणि आली की घेऊन येतो, तुम्ही घरी आराम करा. आणि ते गोळी घेऊन आले ते नेमके मंगळवारी, ज्या दिवशी आमचं गाव बांधलेलं होतं.

लावणी आटोपली की श्रावणाच्या तोंडावर एक दिवस आमच्याकडे गाव बांधतात. गावात येणाऱ्या वाटेवर दोन बाजूंच्या झाडांना पेंढ्याची दोरी ताणतात, तिला आंब्याच्या पानांचे टाळे अडकवतात, भगत नारळ फोडतो. मग सूर्य मावळेपर्यंत बाहेरचा माणूस आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. रोगराई बाहेरच राहावी म्हणून हे. मामा फाट्यावर उतरून चिखल तुडवत आले, तो दोरीपाशी बुधा भगत घोंगडी घेऊन बसलेले. मामांनी दोरीपुढे उभं राहून रीतसर दोनदा खाकरलं आणि झाडाच्या बुंध्यावर टकटक केलं.

बुधा भगत म्हणाले, "खाकरून काय व्हवाचा नाय, मामा. आज गाव बांधलाय. भायरचा मानूस आत येवाचा नाय."

दुसरा कोणी असता तर तळपायाची आग मस्तकात गेली असती. मामांचा चेहरा उजळला. हे मला नंतर तिथल्या लोकांनी सांगितलं. ते म्हणे दोरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हाच तो. अगदी हाच तो." मग त्यांनी बुधा भगतांना रक्तवाहिन्या, भिंत, प्रथिनं सगळं समजावून सांगितलं. भगत शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ती गोली कोनाची?"

"मास्तरांची."

भगतांनी थोडा विचार केला. "मास्तर नव वर्सा झाली गावात हाय. मास्तर गावाचा. गोली मास्तरची, म्हंजी गोलीबी गावाची. गोली आत येल. तुमी नाय."

हा निरोप घेऊन शेजारची रखमा आमच्या दारात आली. मी दोन महिने घराचा उंबरा ओलांडला नव्हता, कल्याणची ती खेप सोडली तर. पण मास्तर गावाचा, हे रखमाच्या तोंडून ऐकलं आणि मला कसंतरीच झालं. मी मुरबाडचा, बदली झाली तर जाणारा, भाडेकरू. मला वाटायचं की गावाला मी आहे काय नि नाही काय सारखाच. मी चपला घातल्या आणि निघालो.

दोरीच्या पलीकडे मामा दगडावर बसले होते. पाऊस भुरभुरत होता म्हणून भगतांनीच त्यांना पळसाच्या पानांचं इरलं दिलं होतं, आणि त्या इरल्याखालून मामांचा चष्मा तेवढा दिसत होता. त्यांनी गोळीचं पाकीट भगतांच्या हातात दिलं, भगतांनी ते दोरीखालून माझ्याकडे दिलं. मी अलीकडे बसलो, मामा पलीकडे. परत जा म्हटलं तरी ते जाईनात, म्हणाले संध्याकाळच्या गाडीला वेळ आहे. रखमाने चहा आणला, तोही दोरीखालूनच पलीकडे जाऊ लागला. भगतांनी कपाकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

मी मामांना विचारलं, हा गेटवाला एवढा नडतो तर त्याला काहीतरी देऊन झोपवता येत नाही का. मामांनी कप खाली ठेवला.

"येतं," म्हणाले. "काही औषधांनी तो पेंगतो. पण तसं करायचं नसतं. मी तुम्हाला सांगितलं ना, ते गेटवाला नसलेले उंदीर. फार गुणी होते. त्यांच्या अंगावर किडे झाले. आम्ही नेहमी वापरायचो ते किड्यांचं औषध मी पाण्यात मिसळून फवारलं. साध्या उंदरांना त्याचं काही म्हणजे काही होत नाही, मी शंभरदा फवारलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाकरलो, दार उघडलं, तर कोणी हललं नाही. थरथरून मेले होते. माझ्या हाताने मेले, जावईबापू. त्या संशोधक बाई म्हणाल्या, तुमची चूक नाही, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, असलं कुठलंतरी विष रोज सगळ्यांच्या दारापर्यंत येतं आणि गेटवाला ते रोज परत पाठवतो, म्हणून आपण जगतो. तेव्हापासून मी त्याला शिव्या देत नाही. तो आपलाच माणूस आहे. त्याला फक्त तुमच्या गोळीची ओळख पटली नव्हती."

मामांनी चष्मा काढून इरल्याच्या आत पुसला. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. आणि तरीही, माणसाचं मन किती हट्टी असतं बघा, माझा हात खिशात गेला. मी राजीनाम्याचं पाकीट काढलं आणि म्हटलं, मामा, शहापूरला एवढं पोस्टात टाकाल का? शाळेचं आहे.

मामांनी हात पुढे केला. पण भगतांनी मध्येच आपली काठी आडवी धरली. "आत येल त्याचा येगला," ते म्हणाले. "आज गावचा काय बी भायर जावाचा नाय."

"कागद आहे नुसता," मी म्हटलं.

"तुमी लिवलाय ना? मंग गावचाच."

मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पाकिटाकडे. उंदीर ओळखणाऱ्या माणसाला पाकीट उघडायची गरज पडत नसावी. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "गेटवाल्याशी वाद घालू नये." मी पाकीट खिशात परत ठेवलं. मावळतीला भगतांनी दोरी सोडली तेव्हा मामा उठून शेवटच्या गाडीसाठी फाट्याकडे निघून गेले होते.

पाकीट पोस्टात टाकायचं मी उद्यावर ढकललं, मग परवावर. दुसरी गोळी चालू होती. तीन आठवडे काहीच झालं नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी शोभाने मला हाक मारली आणि दारातच थांबली, कारण मी अंथरुणाची घडी घालत होतो. त्या राजीनाम्याचा कागद पोरीने पुढे कधीतरी होडीसाठी वापरला, आणि मी पुढची कितीतरी वर्षं त्याच फळ्यावर बेरजा केल्या. तो फरक गेटवाल्यामुळे पडला की आणखी कशामुळे, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "तुमचं वजन वाढतंय ना, मग झालं."

पण त्या दिवसाची त्यांना गोडी लागली. पुढे दरवर्षी गाव बांधायच्या दिवशी मामा सापगावहून मुद्दाम यायचे. आदल्या दिवशी आलात तर घरात बसाल, असं शोभा दरवर्षी सांगायची, आणि ते दरवर्षी त्याच दिवशी येऊन त्याच दगडावर बाहेर बसायचे. आधी खाकरायचे, झाडावर टकटक करायचे, भगत मान हलवायचे, मी अलीकडे बसायचो आणि दोरीखालून चहा जायचा. माझं वजन ते पलीकडूनच सांगायचे. भगत आणि मामांची अशी काही दोस्ती जमली की दोघं दिवसभर आपापल्या गेटांच्या गोष्टी करत. दोघंही म्हातारे होत गेले, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला.

एका पावसाळ्याआधी मामा गेले. झोपेत गेले, कुणाला न दचकवता. त्या वर्षी गाव बांधायचं ठरलं तेव्हा मी सकाळीच वेशीवर जाऊन उभा राहिलो. बुधा भगतांनी पेंढ्याची दोरी उचलली, एक टोक झाडाला बांधलं, दुसरं टोक घेऊन पलीकडच्या झाडापर्यंत गेले आणि गाठ मारण्याआधी थांबले. दोनदा खाकरले. काठीने बुंध्यावर टकटक केलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मामा इथंच बसायचं ना. बसलं असतील तं दचकाला नको." मग दोन श्वास थांबून त्यांनी गाठ मारली.